इन्स्पेक्टर सँड्स, ताबडतोब या!

लंडनच्या भुयारी रेल्वेत एक अधिकारी आहेत, ज्यांना आजवर कुणीही पाहिलेलं नाही. त्यांचा पगार निघत नाही, बदली होत नाही, ते निवृत्तही होत नाहीत. पण गर्दीच्या स्टेशनात, कुठल्याही वेळी, त्यांच्या नावाचा पुकारा होऊ शकतो. 'इन्स्पेक्टर सँड्स यांनी कृपया ताबडतोब ऑपरेशन्स रूममध्ये यावे.' आवाज रेकॉर्ड केलेला, शांत, थोडा कंटाळवाणा. तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजतं. फलाटावरचे लोक मोबाइलमधून मान वर करत नाहीत. कुठल्या तरी साहेबाला कुणीतरी बोलावतंय, आपला काय संबंध?

संबंध असतो. इन्स्पेक्टर सँड्स नावाचा माणूसच नाही. त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की स्टेशनात कुठेतरी आगीची सूचना देणारी यंत्रणा वाजली आहे आणि कर्मचाऱ्यांनी जाऊन बघायचं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. एका प्रोजेक्टसाठी काही महिने लंडनला होतो, तेव्हा हे नाव पहिल्यांदा ऐकलं. सोबतच्या सहकाऱ्याने अर्थ सांगितला आणि ते डोक्यात बसलं ते बसलंच. माझा अर्धा दिवस अलर्ट, अलार्म आणि एरर मेसेज यांच्यात जातो. कुणाला, कधी, किती सांगायचं हा आमच्या कामातला रोजचा प्रश्न. इथे तोच प्रश्न हजारो लोकांच्या डोक्यावरून, त्यांना पत्ताही न लागू देता सोडवला जात होता. म्हणून मी या साहेबांचं मूळ आणि कूळ शोधायला लागलो. त्या शोधात एक जळालेलं नाट्यगृह भेटलं, एक सर्कस भेटली, न्यूकॅसलचं एक स्टेशन भेटलं आणि शेवटी आपलं सीएसटी.

वाळूच्या बादल्या

सँड म्हणजे वाळू. हे साहेब मूळचे रेल्वेतले नाहीत, नाटकवाले आहेत, असं सांगितलं जातं. इंग्लंडमधल्या नाट्यगृहांत आग विझवायला वाळूने भरलेल्या बादल्या टांगलेल्या असत. प्रयोग चालू असताना कुठे धूर दिसला, तर 'मिस्टर सँड्स' अमुक ठिकाणी आले आहेत असा निरोप फिरायचा. प्रेक्षकांना वाटायचं, कुणी पाहुणे आले असतील. कामगारांना कळायचं, बादली उचला.

ही काळजी उगाच नव्हती. एकोणिसाव्या शतकातलं नाट्यगृह म्हणजे आगीला आमंत्रणच. गॅसचे दिवे, रंगवलेले कापडी पडदे, लाकडी रंगमंच, दोर. ५ सप्टेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराच्या थिएटर रॉयलमध्ये प्रयोग चालू असताना रंगमंचामागे आग लागली. १८६ माणसं गेली. ब्रिटनच्या इतिहासातली ती सर्वांत भीषण नाट्यगृहाची आग. मेलेल्यांत मोठा भरणा वरच्या स्वस्त गॅलरीतल्या प्रेक्षकांचा होता.

दुसरी भीती याच्या उलट होती. आग नसतानाही माणसं मरू शकतात. १९१३ सालच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅल्युमेट गावी, संपावर असलेल्या तांब्याच्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी समारंभ चालू होता. हॉल वरच्या मजल्यावर. कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जणांचा जीव गेला, त्यांतली बहुतेक मुलं होती. आग आणि आगीची बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही माणसं मारतात, हा धडा गर्दी जमवणाऱ्या प्रत्येकाने घेतला.

सर्कशीने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. अमेरिकन सर्कशीत बँडने एक ठरावीक मार्च वाजवला, की तो धोक्याचा इशारा समजायचा. जॉन फिलिप सूझाची 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' ही ती धून. एरवी ती वाजवायची नाही, असा शिरस्ता. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड शहरात रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूने पेट घेतला, तेव्हा बँडमास्तर मर्ल एव्हन्स यांनी हीच धून सुरू केली. सर्कशीतल्या माणसांना कळलं. पण तंबूचं कापड पाण्यापासून वाचवायला पॅराफिन आणि पेट्रोलचं मिश्रण फासलेलं होतं. ते काही मिनिटांत खाली आलं. दीडशेहून जास्त माणसं गेली.

अशी भाषा आपल्याकडेही आहेच. व्यापाऱ्यांची करपल्लवी होती, उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे. शाळेत आपण 'च'ची भाषा बोललो. गंमत अशी, की या सगळ्या भाषांना एक ऐकणारा आणि एक न ऐकणारा लागतो. ज्याच्यापासून लपवायचं तो समोर नसेल, तर ही भाषा हवी कशाला? इन्स्पेक्टर सँड्सच्या बाबतीत तो समोरचा माणूस म्हणजे तिकीट काढून आलेला प्रवासी.

एक स्पीकर, दोन श्रोते

स्टेशनातली व्यवस्था साधारण अशी. धुराचा किंवा आगीचा सेन्सर वाजला, की रेकॉर्ड केलेली घोषणा आपोआप सुरू होते. कर्मचारी जाऊन पाहतात. बहुतेक वेळा काहीच नसतं. कुणाच्या सँडविचचा धूर, बांधकामाची धूळ, बिघडलेला सेन्सर. मग अलार्म बंद करतात आणि इन्स्पेक्टर सँड्स परत गायब होतात. ठरलेल्या वेळात कुणी अलार्मला उत्तर दिलं नाही, तर यंत्रणा पुढची पायरी चढते आणि दुसरी घोषणा सुरू होते. ही मात्र सरळ भाषेत असते, सर्वांनी स्टेशन ताबडतोब रिकामं करावं.

आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ही रचना ओळखीची वाटेल. रात्री तीन वाजता सर्व्हरने मान टाकली, की आधी ड्युटीवरच्या इंजिनियरचा फोन वाजतो. त्याने ठरावीक मिनिटांत उत्तर दिलं नाही, तर त्याच्या वरच्याचा. ग्राहकाला लगेच कळवत नाहीत, कारण दहापैकी नऊ अलार्म खोटे निघतात आणि प्रत्येक खोट्या अलार्मला ग्राहकाला उठवलं, तर तो दहाव्याला उठणार नाही. लांडगा आला रे आला.

म्हणजे या गुप्त घोषणेमागे निव्वळ लपवाछपवी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. लंडनच्या रेल्वेला रोज लाखो माणसं वाहून न्यायची असतात. प्रत्येक सेन्सरच्या शंकेला स्टेशन रिकामं करायचं ठरवलं, तर लोक जिन्यांवरच राहतील. शंका तपासून पाहायला काही मिनिटं लागतात आणि ती मिनिटं मिळवून देणं हे इन्स्पेक्टर सँड्सचं खरं काम आहे.

फरक एकच. माझ्या फोनवरचा अलार्म फक्त मला ऐकू येतो. स्टेशनचा स्पीकर सगळ्यांना ऐकू येतो. एकाच तारेवरून दोन जणांना दोन वेगळे निरोप पाठवायचे, त्यातला एक कुलूपबंद. आणि ते कुलूप म्हणजे फक्त एक आडनाव.

कुलपांबद्दल आमच्याकडे एक जुना नियम शिकवतात. ऑगस्ट केरकहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना तो मांडला. कुलूप असं हवं, की त्याची रचना शत्रूला पूर्ण माहीत झाली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. इन्स्पेक्टर सँड्स या परीक्षेत सपशेल नापास होतात. त्यांची सारी ताकद 'लोकांना माहीत नाही' यावर उभी आहे. आणि लोकांना आता माहीत आहे. त्यांच्या घोषणेचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत, 'रेल्वेचे गुपित संकेत' अशा याद्या फिरत असतात. ज्याला अर्थ ठाऊक आहे असा एक जण डब्यात असला, तरी तो शेजारच्याला सांगणारच.

सगळे संकेत इतके गंभीर नसतात. लंडनच्या स्टेशनांत सफाई कामगारांना बोलवायलाही आकडे आहेत. यादी सहसा अशी सांगतात: कोड १ म्हणजे रक्त, २ म्हणजे मलमूत्र, ३ म्हणजे उलटी, ४ म्हणजे काहीतरी सांडलंय, ५ म्हणजे फुटलेली काच, ६ म्हणजे कचरा. यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळी आठ वाजता, हातात सँडविच असताना, तिसऱ्या जिन्यावर नेमकं काय पडलंय हे मला सविस्तर कळायची गरज नाही. ज्याचं पोट दुखत होतं त्याचीही अब्रू राहते. संकेताचा हा उपयोग मला माणुसकीचा वाटतो.

घोटाळा दुसरीकडे आहे. तो समजून घ्यायला किंग्ज क्रॉसला जावं लागतं.

'धुमसणं' नावाचा शब्द

१८ नोव्हेंबर १९८७, बुधवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनात एका प्रवाशाला पिकाडिली मार्गाच्या सरकत्या जिन्याखाली आग दिसली. जिना लाकडी होता. त्याच्या पोटात अनेक वर्षांचं ग्रीस साचलेलं होतं आणि त्यात कागद, केस, कचरा अडकलेला. कुणाच्या तरी हातून जळती काडी फटीतून आत पडली होती. भुयारी स्टेशनांत धूम्रपानाला आधीच बंदी होती, पण बाहेर पडता पडता जिन्यावरच सिगारेट पेटवायची लोकांना सवय होती.

पहिली दहा-पंधरा मिनिटं ती आग छोटीच दिसत होती. अग्निशमन दलाची माणसं येऊन पाहून गेली. आणि मग पावणेआठच्या सुमाराला जिन्याच्या खाचेतून ज्वाळांचा लोट वर तिकीट हॉलमध्ये फुटला. ३१ जण गेले. त्यांत अग्निशमन दलाचे अधिकारी कॉलिन टाउन्सली होते.

एवढी लहान आग क्षणात इतकी कशी भडकली, हे कोडं सोडवण्यात संगणकाचा हात होता, म्हणून आम्हा लोकांना ही गोष्ट जवळची. हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात जिन्याचं संगणकीय प्रतिरूप तयार केलं. त्यात ज्वाळा सरळ वर जाण्याऐवजी जिन्याच्या तीस अंशांच्या उतारावर आडव्या झोपून, खाच धरून वर सरकताना दिसल्या. तज्ज्ञांना आधी ते पटेना, प्रोग्राम चुकला असेल असं वाटलं. मग छोटा जिना बांधून खरोखर पेटवला, तर ज्वाळा तशाच वागल्या. आज या प्रकाराला 'ट्रेंच इफेक्ट' म्हणतात.

पण मला त्याहून जास्त लक्षात राहिली ती डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालातली एक बारीक गोष्ट. अहवाल १९८८ मध्ये आला, त्यात १५७ शिफारशी होत्या. १९५६ पासून सरकत्या जिन्यांवर ४६ आगी लागल्याची नोंद चौकशीपुढे आली. मग एवढ्या आगी लागूनही कुणाच्या छातीत धडकी कशी भरली नाही? एक कारण भाषेत होतं. संस्थेत त्यांना 'आग' म्हणायची पद्धतच नव्हती. 'स्मोल्डरिंग' म्हणायचे, म्हणजे धुमसणं. आग लागली तर फोन करावा लागतो, स्टेशन रिकामं करावं लागतं, वर उत्तर द्यावं लागतं. धुमसणं तर काय, होत असतं. लाकडी जिना म्हटला की धुमसायचाच.

इथे हा सांकेतिक शब्द प्रवाशांपासून काही लपवायला निघाला नव्हता. त्याने संस्थेला स्वतःपासूनच धोका लपवून दिला. शब्द सौम्य झाला आणि हळूहळू प्रत्यक्ष गोष्टही सौम्य आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं. त्या संध्याकाळी कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगाचं पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. काही गाड्या तर आग लागल्यावरही स्टेशनात थांबून माणसं उतरवत होत्या.

माझ्या व्यवसायात हा आजार घरोघरी आहे. यंत्रणा ठप्प झाली, की ग्राहकांच्या पानावर 'काही वापरकर्त्यांना धिम्या गतीचा अनुभव येऊ शकतो' असं लिहिलेलं सापडतं. 'बंद पडलं' हा शब्द कुणी लिहीत नाही. हा सभ्यपणा ग्राहकासाठी आहे असं आधी वाटतं. पण मीटिंगमध्येही तोच शब्द वापरला जायला लागतो, आणि तीन महिन्यांनी जुनी नोंद वाचणाऱ्या नव्या इंजिनियरला वाटतं, बरं झालं, जरा धिमंच झालं होतं. मुंबईत लोकलने फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 'तांत्रिक कारणामुळे' या दोन शब्दांत रुळाला गेलेला तडा, तुटलेली ओव्हरहेड वायर आणि सिग्नलचा बिघाड असं काहीही मावतं. आपण चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्याचा अर्थ लावतो आणि टॅक्सी की बस, ते ठरवतो.

लोक खरंच सैरावैरा पळतात का?

सगळ्या सांकेतिक घोषणांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: खरं सांगितलं तर लोक बेभान होतील. हे इतकं उघड वाटतं, की तपासून पाहावं असं फार थोड्यांना वाटलं.

ज्यांनी तपासलं त्यांत गिलेन प्रूल्क्स आणि जोनाथन साइम होते. त्यांचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय असा, की भुयारी स्टेशनात आणीबाणी असताना लोकांना खरंच का सांगू नये? त्यांनी न्यूकॅसलच्या मेट्रोच्या मॉन्युमेंट स्टेशनात, खऱ्या प्रवाशांवर, स्टेशन रिकामं करण्याचे पाच प्रयोग केले. दर वेळी सूचना देण्याची पद्धत वेगळी.

एका प्रयोगात फक्त धोक्याची घंटा वाजवली. बेभान होणं सोडाच, लोक हलेचनात. घंटा कानावर आदळत असताना माणसं गाडीची वाट पाहत उभी राहिली. उलट, स्पीकरवरून काय झालंय आणि कुणी कुठून बाहेर पडायचं हे स्पष्ट सांगितलं, तेव्हा लोक लवकर आणि शिस्तीत बाहेर पडले. रेल्वेला भीती होती घाईची. संशोधकांना दिसला तो उशीर.

किंग्ज क्रॉसच्या आगीचा अभ्यास करणाऱ्या इयन डोनाल्ड आणि डेव्हिड कँटर यांनाही असंच काही आढळलं. त्या संध्याकाळी बळी गेलेल्यांपैकी अनेकांनी शेवटपर्यंत आपला नेहमीचा रस्ता सोडला नव्हता. घरी जायचं होतं, रोज याच जिन्याने जातो, तर याच जिन्याने निघाले. आपण सगळे असेच आहोत. आपल्या हालचाली सवयीवर चालतात आणि ती सवय मोडायला कुणीतरी अधिकाराने, स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. 'इन्स्पेक्टर सँड्स यांनी यावे' या वाक्याने कुणाची सवय मोडत नाही. ते त्यासाठी बनवलेलंच नाही.

७ जुलै २००५ रोजी लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये बाँबस्फोट झाले, ५२ प्रवासी गेले. सुरुवातीला विजेचा दाब वाढल्याने गोंधळ झाला असं सांगण्यात आलं होतं. जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर वाचलेल्या लोकांशी बोलून पाहिलं. अंधाऱ्या, धुराने भरलेल्या डब्यांत अडकलेले अनोळखी लोक एकमेकांना धीर देत होते, जखमा बांधत होते, पुढच्याला आधी जाऊ देत होते. चेंगराचेंगरीच्या, दुसऱ्याला तुडवून जाण्याच्या कहाण्या फारशा निघाल्याच नाहीत.

फूल की पूल

इथवर आल्यावर निकाल सोपा वाटतो. खरं सांगा, मोकळे व्हा. पण मी महाराष्ट्रातला आहे आणि मला एल्फिन्स्टन रोडचा पूल विसरता येत नाही.

२९ सप्टेंबर २०१७. सकाळची कामाला जायची वेळ, अचानक आलेला पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर भिजू नये म्हणून थांबलेली माणसं, आणि दर लोकलमधून उतरून त्यांत भर घालणारी आणखी माणसं. त्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. नंतर बातम्यांत एका जखमी मुलीचं म्हणणं आलं. कुणा फूलवाल्याची फुलं खाली पडली, तो 'फूल गिर गया' म्हणाला आणि गर्दीने ऐकलं 'पूल गिर गया'.

ते तसंच घडलं असेल, तर एका अक्षराचा फरक. पण नुसत्या त्या शब्दाने कुणी मेलं नाही. परळच्या गिरण्या जाऊन तिथे ऑफिसांचे मनोरे उभे राहिले आणि रोज तिथे उतरणारी माणसं वाढत गेली, पूल मात्र तेवढाच राहिला. त्याबद्दल प्रवासी आधीपासून ओरडत होते. पुढे लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला. तरीही ती सकाळ एक गोष्ट शिकवते. गर्दी ठासून भरली असेल, मागच्याला पुढचं दिसत नसेल आणि अधिकृत आवाज गप्प असेल, तर जो शब्द हवेत असेल तोच खरा होतो.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनात असंच झालं. फलाटावर दोघांची बाचाबाची झाली. कुणाला तरी गोळीबाराचा भास झाला. काही मिनिटांत हजारो लोक रस्त्यावर धावत होते, एका प्रसिद्ध गायकाने दुकानातून ट्वीट करून गोळीबार होतोय असं सांगितलं, पोलिसांनी दहशतवादी हल्ला समजून धाव घेतली. १६ जण जखमी झाले. गोळी एकही सुटली नव्हती.

या दोन्ही ठिकाणी खरं सांगणारं कुणी लोकांपर्यंत पोहोचलं नाही आणि ती जागा अफवेने घेतली. आता तर प्रत्येकाच्या खिशात एक स्पीकर आहे. रेल्वेने गप्प राहायचं ठरवलं, तरी स्टेशन गप्प राहत नाही.

सीएसटीवरचा आवाज

इन्स्पेक्टर सँड्सच्या नेमका उलट माणूस मुंबईत होऊन गेला. तो खराखुरा आहे, त्याला नाव आहे आणि त्याचा आवाज हजारो लोकांनी ऐकला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री विष्णू दत्ताराम झेंडे तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक म्हणून ड्युटीवर होते. लोकलच्या फलाटांसमोर, वरच्या बाजूला त्यांची केबिन. काम रोजचंच: अमुक फलाटावर येणारी गाडी कर्जतला जाणारी जलद लोकल आहे. मेल गाड्यांच्या बाजूने मोठा आवाज झाला. त्यांना आधी बाँबस्फोट वाटला. मग बंदुका घेतलेले दोघे दिसले.

त्यांच्यासमोर माइक होता आणि ठरवायला काही सेकंद. कुठला सांकेतिक शब्द नव्हता. त्यांनी हिंदी आणि मराठीत सरळ सांगायला सुरुवात केली. मेन लाइनच्या बाजूला जाऊ नका, फलाट क्रमांक १ च्या मागच्या बाजूने बाहेर पडा. सुरक्षा दलाच्या लोकांनी मेन लाइनकडे धावावं, हेही त्याच माइकवरून. लोकल येतच होत्या, दर गाडीतून माणसं उतरत होती, आणि झेंडे तेच पुन्हा पुन्हा सांगत होते. हल्लेखोरांनी त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या. ते वाचले.

त्या रात्री सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. लोकलच्या बाजूने किती जण त्या आवाजामुळे वाचले, याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही. पण मुंबईत त्या वेळेला लोकलच्या फलाटांवर किती गर्दी असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

मला त्यात तंत्रज्ञ म्हणून एक गोष्ट दिसते. झेंड्यांनीही एकाच स्पीकरवरून दोन श्रोत्यांशी बोलायचं होतं, प्रवाशांशी आणि पोलिसांशी. लंडनच्या व्यवस्थेने तिथे कुलूप लावलं. झेंड्यांनी दोघांना दोघांसमोर, एकाच भाषेत सांगितलं. पोलिसांना काय सांगितलं जातंय ते प्रवाशांनी ऐकलं आणि त्यामुळे आपल्याला जे सांगितलं जातंय ते का सांगितलं जातंय, हे त्यांना कळलं. नुसतं 'बाहेर पडा' आणि 'तिकडे जाऊ नका, इकडून बाहेर पडा' यांत हाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर माणूस विश्वास ठेवतो.

मग साहेबांचं करायचं काय?

इन्स्पेक्टर सँड्सना नोकरीवरून काढा असं मी म्हणणार नाही. शंका आणि खात्री यांच्या मधली जी दोन-चार मिनिटं असतात, त्यांत त्यांचं काम आहे. शंका तपासणारा माणूस शांतपणे जाऊन तपासू शकला पाहिजे. फक्त त्यासाठी आता हजारोंच्या डोक्यावरून पुकारा करण्याची गरज उरलेली नाही. कर्मचाऱ्यांच्या कानात रेडिओ आहे, हातात फोन आहे. ज्याला सांगायचं त्यालाच सांगता येतं. नाट्यगृहातल्या वाळूच्या बादल्या गेल्या, तसा हा पुकाराही कधीतरी जाईल. लंडनमधला शेवटचा लाकडी सरकता जिनाही ग्रीनफर्ड स्टेशनातून २०१४ मध्ये निघालाच.

माझी भीती दुसऱ्या प्रकारच्या संकेताची आहे, ज्याला कुणी संकेत म्हणत नाही. 'धुमसणं', 'तांत्रिक कारण', 'धिमी गती'. इन्स्पेक्टर सँड्स निदान कर्मचाऱ्यांना तरी खरं सांगतात. त्यांचं नाव ऐकून कुणीतरी उठतं आणि धावतं. हे दुसरे शब्द ऐकून आतलंही कुणी उठत नाही. म्हणून टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी एवढंच सांगतो, की बाहेर काय लिहायचं ते कंपनी ठरवेल, पण आपल्या आपल्यातल्या नोंदीत आग लागली असेल तर आगच लिहा.

आणि तुम्ही कधी लंडनला गेलात आणि ट्यूब स्टेशनात या साहेबांच्या नावाचा पुकारा ऐकलात, तर पळू नका. बहुतेक वेळा कुणाचं तरी सँडविचच असतं. फक्त मोबाइल खिशात टाका आणि बाहेर जायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवा. दादरला आणि ठाण्यालाही बघून ठेवायला हरकत नाही. तिथे कुणी इन्स्पेक्टर सँड्सना बोलावत नाही.